तिसरा रकाना

पाठीमागे ज्याला टोपणनाव नाही असा माणूस त्या रुग्णालयात सापडणं कठीण होतं. औषधविभागातल्या या बाईंचं नाव 'मुदतबाई'. बाटल्यांवरच्या तारखा बघणारे लोक वेगळे. मुदतबाई बघत त्या शहाणपणाच्या तारखा.

डॉक्टर संगणकावर औषध लिहायला बसले, की पडद्याच्या कोपऱ्यात एक पिवळी चौकट उघडायची. या रोग्याच्या मूत्रपिंडांना एवढा डोस झेपणार नाही, ही दोन औषधं एकमेकांशी भांडतात, अमुक तपासणी राहून गेली आहे, असं ती सांगायची. नव्या डॉक्टरांना वाटायचं, चौकटीला सगळं कळतं. चौकटीला काहीही कळत नव्हतं. कुणीतरी कधीतरी लिहून ठेवलेले नियम ती पोपटासारखी म्हणायची. वैद्यकशास्त्र पुढे सरकलं की नियम जागच्या जागी शिळे व्हायचे, आणि शिळ्या नियमाला वास येत नाही. म्हणून प्रत्येक नियमाला एक मुदत होती आणि एक धनी होता. मुदत भरली की मुदतबाईंनी धन्याला विचारायचं, हे अजून खरं आहे का? धनी म्हणाला 'बदल नाही', की नियम पुन्हा ताजा.

या कामात त्यांना औषधांपेक्षा माणसंच जास्त कळली होती. कोण न वाचता 'बदल नाही' म्हणतो, कोण एखादा काना-मात्रा हलवून नियमावर आपलं नाव चढवतो, कोण तिसऱ्यांदा आठवण करून दिल्यावर 'आईला बरं नव्हतं हो' म्हणतो, याचा हिशेब त्यांच्या डोक्यात पक्का असे. सर्जन मंडळी मान डोलवण्यात तरबेज, मेंदूचे डॉक्टर प्रश्नाला प्रश्न विचारण्यात. लहान मुलांच्या डॉक्टरीणबाई तेवढ्या प्रत्येक शब्द वाचत आणि मग तासभर भांडत. मुदतबाईंना त्या भांडणाऱ्या बाईच सगळ्यांत जवळच्या वाटत.

एका नियमाकडे मात्र त्या स्वतः तिरक्या नजरेने बघत. नियम ॲस्पिरिनचा होता. पन्नाशी उलटलेला मधुमेही रोगी आला, की हृदय सांभाळायला रोज एक लहान गोळी. नियम लिहिला गेला तेव्हा चांगले चांगले डॉक्टर असंच म्हणत होते. पुढे मोठमोठे अभ्यास झाले आणि वारं फिरलं. ज्याला हृदयाचा त्रास कधी झालेलाच नाही अशा उतारवयातल्या माणसाला या गोळीचा फायदा थोडका, आणि तो थोडका फायदाही पोटातल्या रक्तस्रावाच्या भीतीने धुऊन निघतो, असं दिसू लागलं. ज्याला झटका येऊन गेला आहे त्याची गोष्ट वेगळी, त्याला ती हवीच. हे रुग्णालयात सगळ्यांना ठाऊक होतं. तरीही दर मुदतीला नियमापुढे 'बदल नाही' पडत होतं, कारण धन्याच्या जागी मोठ्या डॉक्टरांचं नाव होतं.

मोठे डॉक्टर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. आताचे विभागप्रमुख त्यांचेच विद्यार्थी. धन्याच्या सहीशिवाय नियम काढता येत नाही, आणि मोठ्या डॉक्टरांना जाऊन 'तुमचा नियम शिळा झाला' असं म्हणायला कुणाची जीभ रेटत नव्हती. तेव्हा विभागप्रमुखच सरांच्या वतीने 'बदल नाही' म्हणून टाकत. मुदतबाईंचीही जीभ रेटत नव्हती. मोठे डॉक्टर त्यांचे सासरे होते आणि रोज सकाळी समोर बसून त्यांच्या हातचा चहा पीत.

त्या सोमवारी बायकांच्या वॉर्डात एक शिवणकाम करणाऱ्या बाई वारल्या. मधुमेह होता, पण ताब्यात. हृदयाची तक्रार आयुष्यात नाही. मागच्या वर्षी तपासणीला आल्या तेव्हा पिवळ्या चौकटीच्या सांगण्यावरून ॲस्पिरिन सुरू झालं होतं. आता पोटात रक्तस्राव झाला. शौचाला डांबरासारखं काळं होत होतं ते त्यांनी अंगावर काढलं, आणि आणलं तेव्हा हाताशी काही उरलं नव्हतं. औषधाने घात केला असावा अशी शंका आली की कागद मुदतबाईंकडे येत. त्यांनी ते वाचले. मग उठून वॉर्डाकडे गेल्या.

बाहेर बाकावर बाईंचे यजमान बसले होते. जन्मभर बसमध्ये कंडक्टर होते, असं नर्सने सांगितलं. मांडीवर औषधांची पिशवी, आणि दोन्ही हात पिशवीवर असे ठेवलेले की कुणी हिसकावून नेईल.

"तुम्ही औषधांच्या बाई ना?" ते म्हणाले. "एक विचारायचं होतं. खरं सांगाल?"

"विचारा ना, काका."

"मागच्या आठवड्यात आम्ही मेहुणीकडे राहायला गेलो होतो. गोळ्यांची डबी घरीच राहिली. दोन दिवस हिची ती हृदयाची गोळी चुकली. एरवी मी चुकू देत नाही. ती विसरायची, म्हणून मीच रोज तिच्या हातावर ठेवायचो. ते दोन दिवस चुकले, त्याचंच हे झालं का?"

उत्तर मुदतबाईंना माहीत होतं. ते तोंडातून काढायचा अधिकार आपल्याला आहे का, हे माहीत नव्हतं.

"नाही, काका. चुकलेल्या गोळीने नाही झालं."

"मग कशाने?"

"मी नीट बघून सांगते."

त्यांनी मुदतबाईंकडे निरखून पाहिलं. सुटे नाहीत म्हणणाऱ्याच्या खिशात सुटे आहेत हे ज्याला जन्मभर चेहऱ्यावरून ओळखावं लागलं, त्याला फसवणं सोपं नसतं. "शुक्रवारी मी दाखला न्यायला येणार आहे," ते म्हणाले. "तेव्हा सांगा."

विभागप्रमुखांना लोक 'बघूसाहेब' म्हणत. माणूस वाईट नव्हता. रोग्यापाशी बसला की तासन् तास बसायचा. फक्त कुठल्याही निर्णयाला हात लावायची वेळ आली की त्याला तो चटका लागणाऱ्या भांड्यासारखा वाटायचा.

"साहेब, ॲस्पिरिनचा नियम आजच्या आज बंद करायला हवा."

"करूच की. समिती बसली की बघू. पण त्यावर सरांचं नाव आहे."

"सर निवृत्त झाले."

"नोकरी निवृत्त होते हो. सर नाही होत."

"मग त्यांना विचारा."

"मी? ज्यांनी माझा हात धरून नाडी बघायला शिकवलं, त्यांना मी सांगू की तुमच्या नियमाने बाई गेली? तुम्ही घरातल्या. तुम्ही विचारा. विद्यार्थ्यापेक्षा सुनेला जास्त माफ असतं."

"सून होऊन बघा एकदा, मग बोलू."

बघूसाहेब हसले, पण हसू लवकर आवरलं. "आणि हे बघा, त्या यजमानांशी तुम्ही काही बोलायचं नाही. नातेवाइकांशी कार्यालय बोलेल."

"काय बोलेल?"

"बघू."

घरात हा विषय निघत नसे, त्याला कारण होतं. मोठ्या डॉक्टरांचा धाकटा भाऊ धडधाकट असताना हृदयाच्या झटक्याने गेला होता, आणि त्याच वर्षी त्यांनी तो नियम लिहिला होता. सासूबाईंनी लग्नानंतर पहिल्याच महिन्यात सुनेला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "त्यांच्यापुढे माझ्या दिराचं नाव काढू नकोस, आणि त्या गोळीचंही नको." सासूबाई गेल्या, सूचना राहिली. घरात त्या सूचनेची मुदत कुणी बघितली नाही.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलाशी मोठे डॉक्टर शब्दकोडं सोडवत बसले होते.

"बाबा, जरा कामाचं बोलायचंय."

"घरात कामाचं बोलायचं नाही हा कायदा तूच केलास ना गं, सूनबाई?"

"आज मोडायचाय. ॲस्पिरिनबद्दल आहे."

ॲस्पिरिन हा शब्द कानी पडताच मुदतबाईंच्या नवऱ्याला न्हाणीघरातला नळ गळत असल्याचं एकाएकी आठवलं आणि तो पाना शोधायला गेला. मुदतबाईंनी शिवणवाल्या बाईंची हकीगत सांगितली. मोठे डॉक्टर रोग्याचं ऐकावं तसं ऐकत होते, मधे न बोलता, नजर बोलणाऱ्याच्या तोंडावर. सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, "तो नियम काढायचाय. तुमची सही लागेल."

"कुठला नियम?"

"तुमचाच."

"तो अजून आहे?"

मुदतबाईंना क्षणभर वाटलं, म्हातारा सोंग करतोय. "दर मुदतीला तुमच्या नावाने 'बदल नाही' होतंय, बाबा."

"माझ्या नावाने? मला विचारलं कुणी?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून कुणी..."

"मला?" त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "अगं, मी स्वतः ती गोळी सोडली त्याला कितीतरी वर्षं झाली. ते अभ्यास छापून आले तेव्हाच वाचले मी. पटायला वेळ लागला. भावाचा चेहरा समोर यायचा. पण आकडे पटले, त्या दिवसापासून बंद."

"मग रुग्णालयात कळवलं का नाही?"

हा प्रश्न मुदतबाईंनी रागाने विचारला नव्हता, तरी तो जिथे लागायचा तिथे लागला. मोठ्या डॉक्टरांनी कोडं बाजूला सारलं.

"मला वाटलं, तुम्ही केव्हाच बदलला असेल. सगळे माझ्यापेक्षा ताजे डॉक्टर. तुला विचारावं असं खूपदा मनात आलं. पण म्हटलं, ही म्हणेल, बाबांना अजून वाटतं आपल्यावाचून दवाखाना अडलाय."

मुदतबाई खरोखरच तसंच म्हणाल्या असत्या. तोंडावर नाही, पण नवऱ्यापाशी नक्की. इतकी वर्षं दोघं एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसून एकमेकांचा मान राखत होती. त्या अदबीचा खर्च तिसऱ्याच घराच्या नावावर पडला होता.

"चौकटीत शब्द काय आहेत?" मोठ्या डॉक्टरांनी विचारलं. "नेमके शब्द सांग."

"'ॲस्पिरिन द्या.' आणि पुढे बरोबरची खूण आधीच केलेली. नको असेल तर डॉक्टरने ती काढायची."

"द्या?"

"हो."

"मी 'द्या' लिहिलं नव्हतं." त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "लिहायचं होतं. भाऊ गेलेला, मला जगातल्या प्रत्येकाला ती गोळी चारायची होती. पण कुणाचं पोट कसं आहे ते मला खोलीत बसून काय कळणार? म्हणून 'विचार करा' लिहिलं. 'ॲस्पिरिनचा विचार करा.' माझ्या सगळ्या नियमांत तेच शब्द असायचे. लोक चेष्टा करायचे माझी."

दुसऱ्या दिवशी मुदतबाई संगणकाच्या खोलीत गेल्या. तिथला जुना माणूस, सगळे त्याला 'वायरमामा' म्हणत, गार झालेला चहा ढवळत होता.

"'विचार करा'चं 'द्या' कुणी केलं, मामा?"

"मी," वायरमामा म्हणाला. त्याने आठवायलाही वेळ घेतला नाही. "नवी सिस्टिम आली तेव्हा जुने नियम तिच्यात भरायचे होते ना. नव्या सिस्टिमला विचार करणं कळत नाही, ताई. तिच्यात रकाने दोनच, 'द्या' आणि 'देऊ नका'. आता 'विचार करा' कुठल्या रकान्यात घालू? 'देऊ नका'त घातलं असतं तर मोठ्या डॉक्टरांनी मला कच्चा खाल्ला असता."

"मग विचारायचं कुणाला तरी."

"विचारलं की तुमच्या बघूसाहेबांना. म्हणाले, तूर्तास 'द्या'त टाक, पुढे बघू."

"असे आणखी किती आहेत?"

"बरेच आहेत. मोठ्या डॉक्टरांच्या नियमांत त्या शब्दाशिवाय पान हलायचं नाही."

"आणि सगळे 'द्या'त?"

वायरमामाने चहाचा पेला बाजूला सरकवला. मुदतबाईंच्या चेहऱ्यावरून त्याला काहीतरी उमगू लागलं होतं. "सगळेच."

"तिसरा रकाना करता येतो का?"

"न यायला काय झालं? दोन-चार दिवसांचं काम. पण कुणी मागितलाच नाही, ताई."

गुरुवारी मोठे डॉक्टर स्वतः रुग्णालयात आले. बघूसाहेब खुर्ची सोडून दारापर्यंत धावले.

"सर, तुम्ही कशाला त्रास घेतलात?"

"घ्यायला नाही, द्यायला आलोय." त्यांनी उभ्या उभ्या सही केली. नियम बंद झाला. बाकीचे 'विचार करा'वाले नियम एकेक करून तपासायचे ठरले, आणि या वेळी 'बघू' हा शब्द कुणी उच्चारला नाही. सही झाल्यावर मोठे डॉक्टर बसले. "इतकी वर्षं मला मान देत राहिलास. त्यापेक्षा एक फोन करायचास रे."

बघूसाहेबांनी मान खाली घातली. केस पांढरे झाले तरी माणूस आपल्या मास्तरांपुढे वर्गातल्यासारखाच उभा राहतो.

"नियम बंद झाला," मुदतबाई म्हणाल्या, "पण लोकांच्या घरातल्या गोळ्या थोड्याच बंद झाल्या? ज्यांना सुरू केल्या ते रोज सकाळी घेताहेत."

"सगळ्यांना एकच निरोप पाठवू," बघूसाहेब घाईने म्हणाले. "गोळी बंद करा म्हणून."

"आणि ज्याच्या हृदयात जाळी बसवली आहे, तोही तुझा निरोप वाचून बंद करील," मोठे डॉक्टर म्हणाले. "आधी सगळ्यांना 'द्या', आता सगळ्यांना 'देऊ नका'. एकेकाशी बोलावं लागेल."

"आणि उद्या येणाऱ्या काकांशी?" मुदतबाईंनी विचारलं.

"त्यांच्याशी कार्यालय बोलेल, असं ठरलंय," बघूसाहेब म्हणाले. "तुम्ही बोललात तर तुमच्या नोकरीवर येईल. मला तुम्हाला वाचवता येणार नाही."

"तुम्ही वाचवू नका, साहेब. तुम्ही फक्त अडवू नका."

बघूसाहेबांनी एकदा सरांकडे पाहिलं, मग खिडकीकडे. "शुक्रवारी दुपारपर्यंत मी वॉर्डात असतो," ते म्हणाले.

शुक्रवारी कंडक्टरकाका दाखला घेऊन मुदतबाईंच्या खोलीच्या दाराशी आले. शर्टाला इस्त्री होती, वरचं बटण मात्र तुटलेलं. आत मोठे डॉक्टर बसलेले बघून ते घुटमळले.

"हे माझे सासरे," मुदतबाई म्हणाल्या. "डॉक्टर आहेत. त्यांनाही तुमच्याशी बोलायचंय. बसा, काका."

मोठ्या डॉक्टरांनी पाल्हाळ लावला नाही. गोळीने पोटात रक्तस्राव होऊ शकतो. तुमच्या बाईंना त्या गोळीची गरज नव्हती. पूर्वी ती सगळ्यांना बरी वाटायची, पुढे तसं राहिलं नाही, आणि आमच्या संगणकातला जुना नियम कुणी काढला नाही. त्यावर नाव माझं होतं.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग एकेक शब्द चाचपून बघत असल्यासारखे म्हणाले, "म्हणजे चुकलेल्या दोन दिवसांनी नाही झालं."

"नाही."

"उरलेल्या दिवसांनी झालं."

काकांनी हातातला दाखला मांडीवर ठेवला.

"मी हातावर ठेवायचो," काका म्हणाले. "कधी नको म्हणायची. पोटात आग होते म्हणायची. मी म्हणायचो, डॉक्टरांना जास्त कळतं की तुला?"

"काका, आम्ही सांगितलं तेच तुम्ही..."

"समजूत काढू नका, बाई. ते मला कळतंय." त्यांनी मोठ्या डॉक्टरांकडे पाहिलं. "तुम्हाला हे कधीपासून माहीत होतं?"

"गोळीचं बरीच वर्षं. रुग्णालय ती अजून देतंय हे मंगळ... नाही, सोमवारी संध्याकाळी कळलं."

"मधे कधी विचारलं नाहीत?"

"नाही."

"मला दोन्ही माहीत होतं, काका," मुदतबाई म्हणाल्या. "गोळीचंही आणि नियमाचंही. सोमवारी तुम्ही विचारलंत तेव्हाही माहीत होतं."

ते ओरडले असते तर खोलीतल्या दोघांना बरं वाटलं असतं. आरडाओरडा झाला की माणसाला वाटतं, फिटलं काहीतरी. काकांनी तेवढीही सोय करून दिली नाही. त्यांनी दाखल्याची घडी घातली, ती खिशात नीट बसत नव्हती म्हणून पुन्हा उलगडून घातली, आणि उठले. दारापर्यंत जाऊन थांबले.

"आमच्या खालच्या मजल्यावर एक वहिनी राहतात," ते पाठमोरेच म्हणाले. "त्याही इथेच येतात. त्यांचीही हीच गोळी. हिच्याबरोबरच आणायला यायच्या."

"त्यांचा नंबर आहे?" मुदतबाईंनी विचारलं.

 काकांनी खिशातून स्वतःचा फोन काढला, डोळ्यांपासून लांब धरून नंबर शोधला आणि लावला.

"वहिनी, मी बोलतोय, वरचा. हो, जेवलो. नाही, मुलगी आहे घरी. ऐका. रडू नका, आधी ऐका. इथे एक डॉक्टर आहेत, ते काय विचारतील ते नीट सांगा." त्यांनी फोन मोठ्या डॉक्टरांपुढे धरला.

मोठ्या डॉक्टरांनी तो दोन्ही हातांनी घेतला. पलीकडून एक खणखणीत आवाज बराच वेळ येत राहिला. त्यांनी तो मधे तोडला नाही. मुदतबाईंनी पडद्यावर त्या वहिनींचे कागद उघडले. काका परत येऊन खुर्चीत बसले.

"वहिनी," मोठे डॉक्टर म्हणाले, "तुमच्या छातीत कधी कळ आली होती का? हृदयाचं काही काम करून घेतलंय? घाई नाही, आठवून सांगा."

पलीकडे शांत झालं.

"जरा मोठ्याने विचारा," कंडक्टरकाका म्हणाले. "त्यांना कमी ऐकू येतं."